जुन्या लोडरचे लिफ्ट सिलेंडर : सील किट नवीन, तरी आर्म खाली बसतो आणि ग्लँड गळतो

लोहचक्र (प्रश्न)

१९६० च्या दशकातला चाकांचा लोडर आहे. लिफ्टचे दोन सिलेंडर, दोन्ही डबल ॲक्टिंग (तेल दोन्ही बाजूंनी ढकलतं असे). ग्लँड, म्हणजे रॉड ज्यातून बाहेर येतो ते तोंडावरचं झाकण, नळीच्या आतल्या आट्यांवर बसतो, बाहेरून पाना लावायला तोंडावर चार खाचा आहेत. मॅन्युअल नाही आणि सिलेंडरवरच्या पाटीवरची अक्षरं पुसून गेलीत. पंपाचा रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) १४० बारच्या आसपास उघडतो, हे गेज लावून पाहिलं आहे.

तक्रार अशी. भरलेली बकेट वर उचलून लिव्हर न्यूट्रलला सोडली की आर्म हळूहळू खाली येतो, अर्ध्या-पाऊण तासात जमिनीवर. उजव्या सिलेंडरच्या ग्लँडमधून तेल ओघळतं, तेही इंजिन बंद असताना. उजव्याचं सील किट एका मेकॅनिकने गेल्या हंगामातच बदललेलं आहे, डाव्याला अजून मूळ पॅकिंग आहे. उजव्या रॉडवर मध्यावर गंजाचे खड्डे आहेत, नखाला लागतात.

जाणकारांनी सांगावं :
१) दोष पिस्टन सीलचा की कंट्रोल व्हॉल्व्हचा, हे सिलेंडर न उतरवता कसं ओळखायचं?
२) जाम झालेला ग्लँड नळी न बिघडवता कसा सोडवायचा?
३) जुनं शेवरॉन पॅकिंग (एकावर एक बसणाऱ्या व्ही आकाराच्या रिंगा) काढून पॉलियुरेथेनचे (पीयू) यू-कप (यू आकाराचे सील) टाकावेत का?
४) रॉडला पुन्हा क्रोम करायचं की नवीन रॉड बनवायचा?

---

तेलदाब

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. इंजिन बंद, आर्म वर, आणि तरी ग्लँडमधून तेल येतंय.

तुमच्या लोडरवर भार रॉडला आत ढकलतो. म्हणजे भार पेलायचं काम पिस्टनच्या मागच्या, रॉड नसलेल्या बाजूचं तेल करतं. रॉडच्या बाजूला अशा वेळी दाब जवळपास शून्य असला पाहिजे. शून्य दाबावर खराब ग्लँडसुद्धा फारतर ओलसर होईल, ओघळणार नाही. ओघळतंय याचा अर्थ रॉडच्या बाजूला दाब पोचतोय, आणि तो पोचायचा मुख्य रस्ता पिस्टनवरूनच आहे.

हे जरा आकड्यांत पाहा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. बोअर (नळीचा आतला व्यास) ४ इंच आणि रॉड २ इंच धरू. पिस्टनचं क्षेत्रफळ ८१ चौ. सेंमी, रॉडचं सुमारे २०. पिस्टन सील पूर्ण गेलं आणि दोन्ही पोर्ट व्हॉल्व्हने बंद असतील, तरी आर्म धाडकन खाली येत नाही. मागचं तेल पुढे जाईल, पण पुढे रॉडने जागा अडवलेली असते, सगळं तेल तिथे मावत नाही. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि भार फक्त रॉडच्या क्षेत्रफळावर तोलला जातो. म्हणजे आधी ४० बारवर पेललेला भार आता १६० बारवर. तुमच्या रिलीफपेक्षाही जास्त! एवढ्या दाबाला मग ग्लँड गळतो आणि व्हॉल्व्हच्या स्पूलमधूनही (तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा आतला दांडा) तेल चौपट जोराने निसटतं. आर्म खाली बसतो तो या दोन वाटांनी. 'नवीन पिस्टन सील टाकलं तरी फरक नाही' आणि 'व्हॉल्व्ह बदलला तरी फरक नाही' या दोन्ही तक्रारी इथूनच निघतात.

त्यामुळे खात्रीची तपासणी अशी : रॉडच्या बाजूच्या लाइनमध्ये टी टाकून ४०० बारचं गेज लावा. भरलेली बकेट थोडीशीच, जमिनीपासून वीतभर उचला, लिव्हर सोडा, इंजिन बंद करा. रॉडकडचं गेज शून्याजवळ राहून आर्म उतरत असेल तर दोष स्पूलचा किंवा त्या सर्किटच्या रिलीफचा. गेज हळूहळू चढत असेल तर पिस्टनवरून तेल जातंय. दोन्ही सिलेंडरच्या लाइन एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून गेज दोघांना मिळून एकच उत्तर देतं. कोणता सिलेंडर दोषी ते शोधायला आर्म पूर्ण वर नेऊन त्याखाली आर्मचा लॉक किंवा मजबूत घोडी लावा, इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, मग एकेका सिलेंडरचा रॉडकडचा होज सोडून होजच्या तोंडाला स्टीलचं बूच लावा. इंजिन स्लोवर ठेवून फक्त उचलण्याच्या दिशेने लिव्हर दाबून धरा. उघड्या पोर्टमधून थेंब आले तर चालतील, सलग धार आली तर सील गेलं. या चाचणीत एक उणीव आहे : ती फक्त स्ट्रोकच्या शेवटच्या टोकाचा हाल सांगते. नळी मधोमध झिजली असेल तर इथे पास होऊन कामात नापास होईल.

ज्यांच्याकडे डोझर आहे त्यांनी हे आकडे तसेच उचलू नयेत. बऱ्याच डोझरवर ब्लेड रॉड आत ओढून उचललं जातं, भार रॉडला बाहेर खेचतो. तिथे पिस्टन सील गेलं की रॉडकडचं तेल मागच्या मोठ्या जागेत आरामात मावतं आणि व्हॉल्व्ह ठणठणीत असूनही ब्लेड खाली येतं.

आणखी एक लक्षण वेगळं ओळखा. लिव्हर उचलायला ओढताच आर्म आधी जरासा खाली झुकून मग वर जात असेल, तर दोष लोड चेक व्हॉल्व्हचा (तेल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). न्यूट्रलमध्ये खाली बसण्याशी त्याचा संबंध नाही, कारण न्यूट्रलमध्ये भार धरायचं काम स्पूलचं असतं.

गळती शोधताना होजवरून हात फिरवू नका. १०० बारच्या बारीक फवाऱ्याने तेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. तरी तासाभरात शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. पुठ्ठा धरा.

---

मायक्रोमीटर

ग्लँड सोडवण्याबद्दल.

आधी लॉक शोधा. आट्यांच्या ग्लँडला बहुतेक वेळा बाजूने ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) असतो आणि त्यावर रंगाचे इतके थर असतात की दिसत नाही. नळीच्या तोंडापासून दोन-तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यातला रंग वायर ब्रशने पूर्ण काढा. स्क्रू नसेल तर नळीची कड ग्लँडच्या खाचेत पंचने ठोकून बसवलेली असेल, ती आधी ड्रिलने किंवा बारीक छिन्नीने मोकळी करा. लॉक न काढता जोर लावला की आटे ओरबाडले जातात, मग नळीच बदलावी लागते.

जोर लावायला चार खाचांत नीट बसणारा पाना बनवून घ्या, जाड नळीच्या तुकड्याला चार दात कापले की झालं. छिन्नीने ठोकत फिरवलेला ग्लँड सुटतो खरा, पण खाचा फाटतात आणि पुन्हा बसवताना हवा तेवढा टॉर्क देता येत नाही. गंज सोडवणारं तेल आट्यांत रात्रभर मुरू द्या. तरी हलला नाही तर नळीला बाहेरून, फक्त आट्यांच्या पट्ट्यावर, गोल फिरवत गरम करा. ग्लँड थंड, नळी गरम. त्याआधी दोन्ही पोर्ट उघडे हवेत आणि आतलं तेल निथळलेलं हवं. बंद सिलेंडर गरम करणं म्हणजे बॉम्ब तयार करणं. उष्णता २००–२५० अंशांपुढे नको. आधीच्या मेकॅनिकने फ्लोरोरबराचे सील टाकले असतील तर ३०० अंशांपुढे त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो. काळं, चिकट झालेलं सील उघड्या हाताने धरू नका.

रॉड बाहेर काढताना पोर्टमध्ये हवेचा पाइप लावायचा मोह होतो. नको. अडकलेला पिस्टन हवेच्या दाबावर अचानक सुटला की रॉड गोळीसारखा जातो. चेन ब्लॉकने ओढा, नाहीतर हातपंपाने तेल भरून ढकला.

उघडल्यावर लगेच काही धुऊ नका. जुनी सील तशीच निरखा, ती टेबलावर ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने मांडा आणि फोटो काढा. ओठ (सीलची घासणारी पातळ कड) कुठे तोंड करून होते ते लिहून ठेवा. सील का मेलं हे सीलवरच लिहिलेलं असतं :

टाचेची (ओठाच्या उलट बाजूची) कड उंदराने कुरतडल्यासारखी असेल तर फट जास्त होती आणि दाबाने सील त्या फटीत घुसत होतं. ओठावर एकच सरळ काप असेल तर बसवताना आट्यावर किंवा पोर्टच्या भोकाच्या धारेवर चिरलं. पूर्ण सील काचेसारखं कडक आणि तडकलेलं असेल तर उष्णता. एकाच बाजूला झिजलेलं असेल तर रॉड वाकलाय किंवा ग्लँडचं बुश एका अंगाला खाल्लं गेलंय. कड जळून काळी पडली असेल तर आत हवा होती : हवेचा बुडबुडा झटकन दाबला गेला की इतका तापतो की भोवतालचं तेल पेट घेतं. सील फुगून मऊ पडलं असेल तर चुकीचा द्रव. नायट्राइल रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगतं आणि ईपीडीएम रबर साध्या हायड्रॉलिक तेलातच फुगतं.

मग मापं. रॉड मायक्रोमीटरने पाच ठिकाणी. बोअर बोअर-गेजने दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी ९० अंशांत दोनदा. रॉड दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून मध्यावर डायल लावून फिरवा. डायल दाखवेल त्याच्या निम्मा वाक असतो. डायलवर मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालवून घ्या, पुढे नाही. ग्लँडच्या बुशाची रॉडशी फट, पिस्टनचा बाहेरचा व्यास आणि सगळ्या खाचांची खोली-रुंदी.

मापं इथे टाका. त्याशिवाय सील मागवू नका.

---

लोहचक्र

धन्यवाद. गेज लावलं, रॉडकडचं गेज चढतंच गेलं. उजवा सिलेंडर उघडला. ग्रब स्क्रू खरंच रंगाखाली होता.

रॉड : ५०.७६ ते ५०.७९ मिमी. डायलवर ०.८ मिमी, दोन आधारांतलं अंतर ९०० मिमी.
बोअर : टोकांना १०१.६३, मध्ये १०१.७४. बारीक उभे चरे, नखाला जेमतेम लागतात.
पिस्टन : १०१.४०, बिडाचा, दोन्ही बाजूंना एकेक यू-कप.
ग्लँडचं बुश : ब्राँझ, खालच्या बाजूला खाल्लेलं, फट ०.४ मिमी.

निघालेल्या पिस्टन सीलवर बाहेरचा व्यास १०० असं छापलंय. रॉड सील ५० × ६३, वायपर ५०. मूळ शेवरॉनची खोल जागा आहे, त्यात एकच यू-कप बसवून मागे पितळी रिंग ठोकलीय. यू-कपचा ओठ एका बाजूने खरवडला गेलाय. पिस्टनचे दोन्ही यू-कप ओठ एकमेकांकडे करून बसवलेले होते.

---

मायक्रोमीटर

तुमचा सिलेंडर इंची आहे. बोअर ४ इंच म्हणजे १०१.६, रॉड २ इंच म्हणजे ५०.८. त्याला मिलिमीटरचं किट लावलेलं आहे. पन्नाससाठच्या दशकातल्या अमेरिकन-ब्रिटिश यंत्रांवर हे हमखास होतं, कारण १०० चं सील १०१.६ मध्ये हाताने सहज जातं आणि 'बसलं' असं वाटतं. प्रत्यक्षात ओठाला जो दाबून बसायचा ताण हवा, त्यातला बराचसा इथेच संपतो. थंड, घट्ट तेलात काम भागतं. तेल तापून पातळ झालं की वाट मोकळी. रॉडवर उलटं : ५० चं सील ५०.८ वर ताणून बसतं, जास्त घासतं, तापतं आणि ओठ लवकर कडक होतो.

दुसरी चूक ओठांची दिशा. यू-कपचा ओठ नेहमी दाबाकडे. डबल ॲक्टिंग पिस्टनवर दोन यू-कप असतील तर पाठीला पाठ, ओठ बाहेर. ओठ एकमेकांकडे केले की दाब प्रत्येक सीलच्या पाठीवरून आत शिरतो आणि दोघांच्या मध्ये अडकतो. मग सील फुगून नळीला चिकटतं, तापतं, टाच तुटते.

बोअरचे चरे होनिंगने (फिरत्या दगडांनी आतून घासून) जातील. साधारण १०१.७८ ला साफ पृष्ठभाग मिळावा. ब्रशसारखा लवचिक होन फक्त चकाकी काढतो, मधला फुगवटा तसाच ठेवतो. तुम्हाला दगडांचा कडक होन लागेल, टर्नरला आधी टोकांकडे घासून नळी सरळ करायला सांगा. आडव्या-तिरप्या रेघा ३० ते ४५ अंशांच्या, पृष्ठभागाचा खडबडीतपणा (आरए) ०.४ मायक्रॉनच्या आसपास. होन झाल्यावर रॉकेलने नव्हे, गरम साबणाच्या पाण्याने धुवा आणि पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसा. मग लगेच तेल. दगडाची भुकटी रॉकेलने निघत नाही, नुसती पसरते.

होननंतर पिस्टनभोवतीची फट व्यासावर ०.३८ होईल. पिस्टन मध्यावर राहिला तर एका बाजूला ०.१९, टेकला तर सगळी ०.३८ एकाच बाजूला. १४० बारला ९५ शोअर कडकपणाचं पॉलियुरेथेन हे सोसेल, पण बिडाचा पिस्टन नळीवर घासत राहणार. पिस्टनची लांबी पुरत असेल तर दोन सीलच्या मध्ये वेअर रिंगची खाच कापून घ्या. फिनोलिक कापडाची किंवा काचतंतूच्या नायलॉनची पट्टी टाका, ती पिस्टनला मध्यावर धरते.

आणि पिस्टन व रॉड यांच्यामधली ओ-रिंग! पिस्टन रॉडच्या टोकावर सरकवतात तिथे एक लहान खाच असते. किटात तिची रिंग बऱ्याचदा नसते आणि जुनी तशीच राहते. तिथून तेल गेलं तर बाहेरून लक्षणं हुबेहूब पिस्टन सील गेल्यासारखी दिसतात. इंची ओ-रिंगांची मापं एएस ५६८ च्या यादीत ठरलेली आहेत. ३.५३ मिमी जाडीच्या रिंगला न हलणाऱ्या जोडात खाच सुमारे २.८५ खोल आणि ४.७५ रुंद लागते, म्हणजे वीसेक टक्के दाब मिळतो. खाच मोजा आणि रिंग ठरवा, जुन्या चपट्या रिंगवरून माप काढू नका.

---

चाळीसटनी

रॉड आणि पॅकिंगचा विचार एकत्रच करायला हवा.

पीयूचे यू-कप चांगले हे खरं, पण गुळगुळीत रॉडवर. खड्ड्याची कड पीयूच्या पातळ ओठाला प्रत्येक स्ट्रोकला कापते. कापड घातलेल्या रबराचा शेवरॉन संच पाच-सहा ओठांनी मिळून काम करतो, एक ओठ खड्ड्यावर असला तरी बाकीचे धरतात. म्हणून जुना, डागाळलेला रॉड ठेवायचा असेल तर शेवरॉनच परत टाका. तो जरासा ओलसर राहील, पण टिकेल. नवीन रॉड असेल तर यू-कप खुशाल वापरा. खराब रॉडवर महागडं सील हा सगळ्यात वाईट मेळ.

शेवरॉन टाकताना : खालचा आधार, मग व्ही रिंगा एकेक करून, वरचा आधार. ओठ सगळे तेलाकडे. उघड्या टोकाच्या रिंगा असतील तर कापलेले सांधे १२० अंशांनी फिरवत जा. ग्लँड दाबून आवळू नका. गळती थांबेपर्यंतच, नंतर पाव फेरासुद्धा जास्त नको, नाहीतर पॅकिंग कोरडं घासतं आणि रॉडचं क्रोम उडवतं.

यू-कपकडे वळणार असाल तर शेवरॉनच्या खोल जागेसाठी ब्राँझचा स्पेसर नीट मापाने वळवून घ्या. यू-कपला लांबीत मोकळीक लागते, सीलच्या उंचीपेक्षा जागा दहा टक्के जास्त. तुमच्या उजव्या सिलेंडरमध्ये पितळी रिंग ठोकून सील चिरडलेलं होतं, अशा सीलचा ओठ दाबाने उघडूच शकत नाही.

रॉडचं ०.८ हे ९०० मिमीच्या मानाने मर्यादेबाहेर आहे, वर मध्यावर खड्डे. हा रॉड सरळ करून, घासून, पुन्हा क्रोम करून, पुन्हा ग्राइंड करून वापरता येईल. कारखान्यात क्रोमचा थर साधारण ०.०२ ते ०.०३ मिमी असतो, दुरुस्तीत तो एका बाजूला ०.२ पर्यंत चढवतात, त्याहून जाड थर तडकतो. खड्डे त्याहून खोल असतील तर आधी वेल्डने भरावे लागतील. एवढ्या उठाठेवीपेक्षा तयार क्रोम केलेला, इंडक्शन हार्डन बार घेऊन नवीन रॉड वळवणं बहुतेक वेळा सोपं पडतं. मात्र बार ५०.८ चाच घ्या, ५० चा स्वस्तात मिळतो म्हणून ग्लँडच बदलायला निघू नका. (खड्डे फक्त रॉडच्या डोळ्याजवळ, म्हणजे पिन बसते त्या टोकाला असते, जिथे सील पोचतच नाही, तर मी तोच रॉड ठेवायला सांगितलं असतं.)

जुना डोळा नवीन रॉडवर वेल्ड करताना : जोडाच्या जागेवरचं क्रोम लेथवर पूर्ण काढा, त्याचा धूर विषारी असतो आणि वेल्डमध्ये क्रोम गेलं की तडे जातात. बार ईएन ८ किंवा तत्सम मध्यम कार्बनचा असेल तर १५०–२०० अंशांना आधी तापवा, सुकवलेले ७०१८ वेल्डिंग रॉड वापरा आणि नंतर राखेत किंवा ग्लास वूलमध्ये हळू थंड होऊ द्या. क्रोमवर ओलं फडकं नको, ठिणग्या अडवायला सुकी वेल्डिंग चादर गुंडाळा. अर्थिंगचा चिमटा डोळ्यालाच लावा. हे सगळं रॉड सुटा असताना. जोडलेल्या, तेल असलेल्या सिलेंडरवर वेल्डिंग कधीही नाही.

आता मूळ कारण. रॉड वाकला का आणि बुश खालच्याच अंगाला का खाल्लं? पिना आणि डोळ्यांची बुशं बघा. तिथे खेळ दोन-तीन मिमी झाला की सिलेंडरला सरळ दाबाबरोबर आडवा धक्का बसतो. दोन्ही आर्मच्या पिनांचा खेळ वेगवेगळा असेल तर दोन सिलेंडरांवर भार सारखा पडत नाही. पिन-बुश तसंच ठेवून सिलेंडर नवा केलात तर नवीन बुशही खालच्याच अंगाला झिजेल. ग्लँडचं ब्राँझ बुश नवीन घाला, ५०.८ च्या रॉडला फट ०.०५ ते ०.१. आणि डावा सिलेंडरही त्याच वेळी उघडा. एक घट्ट, एक ढिला अशी जोडी आर्मला पिळते.

---

लोहचक्र

नवीन रॉड, यू-कप, दोन्ही सिलेंडर आणि पिना असंच ठरवलं. जोडताना आणि पहिल्यांदा चालवताना काय सांभाळायचं? पिस्टनची नट सव्वा इंची आट्यांची आहे, तिला किती आवळायचं?

---

तेलदाब

नट किती आवळायची हे भारावरून काढता येतं. रॉडकडचं कंकणाकृती क्षेत्रफळ सुमारे ६१ चौ. सेंमी. १४० बारला पिस्टन रॉडवरून ओढायचा जोर सुमारे ८५ किलोन्यूटन. नटेचा ताण त्याहून जास्त हवा, नाहीतर प्रत्येक वेळी पिस्टन सूतभर हलतो, आतली ओ-रिंग कुरतडली जाते आणि शेवटी नटच सुटते. १०० किलोन्यूटन धरा. तेल लावलेल्या सव्वा इंची आट्यांवर तेवढा ताण यायला साधारण ५०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे मीटरभर दांड्यावर पन्नास किलो वजन. स्प्लिट पिन असेल तर भोक जुळवायला नट मागे फिरवू नका, पुढेच न्या. लॉकिंग द्रव वापरणार असाल तर आटे थिनरने तेलमुक्त करा. कोरड्या आट्यांना घर्षण वेगळं असतं, त्या द्रवाच्या तक्त्यातला आकडा घ्या.

जोडण्याआधी नळीच्या तोंडाशी असलेले आटे आणि पोर्टचं भोक बोटाने आतून चाचपून पाहा. पोर्टची धार ही सील कापणारी पहिली जागा. ती गोल फाइल आणि एमरीने मऊ करा, तोंडाला १५–२० अंशांचा उतार ठेवा. ग्लँड रॉडवर सरकवताना रॉडच्या आट्यांवर पातळ पितळी पत्रा किंवा प्लास्टिकची बाटली कापून गुंडाळा. पिस्टन आत घालताना नळीचे आटे झाकायलाही तसाच पत्रा.

यू-कप तेलात ६०–७० अंशांना पाच-दहा मिनिटं गरम केले की वाकतात. रॉड सील मूत्रपिंडाच्या आकारात दुमडून ग्लँडमध्ये घाला, मग बोटाने उलगडा. स्क्रू ड्रायव्हर लागेल तर तोंड गोल घासलेला. ग्लँडच्या बाहेरच्या ओ-रिंगला बॅकअप रिंग (आधाराची कडक रिंग) असेल तर ती दाबाच्या विरुद्ध बाजूला. लावायला तेच हायड्रॉलिक तेल, कोणतंही ग्रीस नको.

पोर्टच्या फिटिंगवरही डोळा ठेवा. जुन्या यंत्रांवर बीएसपी, एनपीटी आणि ३७ अंशांचा जेआयसी असे तिन्ही प्रकारचे जोड एकत्र सापडतात. अर्धा आणि पाऊण इंचात बीएसपी आणि एनपीटी दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एकात दुसरं चढतं. पण एकाचा कोन ५५, दुसऱ्याचा ६० अंश, आणि ते कधीच नीट बसत नाही. अशा जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबवलेली असते. ती टेप तुटून स्पूलमध्ये जाते.

बसवायच्या आधी होज आतून साफ तेलाने धुवून घ्या, सीलचे तुकडे त्यात असतात. फिल्टर नवीन. सिलेंडर जोडताना मागची बाजू शक्यतो तेलाने भरूनच होज लावा.

पहिली सुरुवात बकेट रिकामी, इंजिन स्लोवर. आधी रॉडची पिन न लावता रॉड स्लिंगवर मोकळा ठेवून दोन्ही सिलेंडर हळू बाहेर-आत करा, समोर कोणी उभं राहायचं नाही. टोकाला न आपटता पाच-सहा वेळा. मग पिन लावून आर्म हळू वर-खाली, दहाएक वेळा, टोकाला दाब न देता. टाकीत फेस दिसला तर थांबा, फेस बसू द्या. घाईत पहिल्याच स्ट्रोकला पूर्ण रेस दिली तर आतल्या हवेत तेल पेटतं आणि नव्या सीलची कड त्याच मिनिटाला जळते. हवा गेल्याची खूण म्हणजे आर्म अर्ध्यावर थांबवला की उसळी मारत नाही.

तेलाची पातळी सिलेंडर पूर्ण आत असताना बघा, बाहेर असताना भरलं तर आत येताना टाकी ओसंडते.

त्यानंतर भार देऊन रॉडकडचं गेज पुन्हा लावा. या वेळी ते शून्याजवळ राहायला हवं. राहिलं आणि तरी आर्म थोडा उतरत असेल, तर ती स्पूलची झीज. ती ओ-रिंगने भरून येत नाही, स्पूल क्रोम करून बॉडीशी जुळवून घासावा लागतो. रॉडवर पहिले काही तास तेलाचा पातळ थर दिसेल, तो पुसून पुन्हा बघा. थर येणं ठीक आहे. थेंब जमून ओघळला तर रॉड सीलचा ओठ बसवताना चिरला गेलाय.

---

चाळीसटनी

एकच भर. रॉडकडचा होज किंवा क्विक कपलर अर्धवट बसलेला असताना आर्म उचलू नका. पुढचं तेल कोंडलं की पंपाचा १४० बार तिथे क्षेत्रफळांच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या मापाला १४० चे सुमारे १८५ बार होतील आणि सगळा भार ग्लँडच्या आट्यांवर येईल. ग्रब स्क्रू पुन्हा लावायला विसरू नका, आणि त्याचं टोक जुन्याच खड्ड्यात न बसता नव्या जागी टेकत असेल तर ग्लँडवर तिथे नवीन बिंदू ड्रिल करून घ्या.